विधिविषयक नियतकालिके आणि लेखकाची जबाबदारी

(भाषणाचा मजकूर)



विधिविषयक नियतकालिक खेड्यातील शेतकऱ्याच्या हाती क्वचितच पडते. तथापि त्यातील लेख विद्यार्थी अभ्यासतात, वकील त्यांच्या आधारे सल्ला देतात आणि प्रसंगी न्यायालयेही त्यांचा उल्लेख करतात. अशा रीतीने लेखातील चूक वाडीवस्तीपर्यंत पोहोचते.

एक उदाहरण घ्यावे. हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ अन्वये मुलीला सहदायिकी मिळकतीत मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. प्रकाश विरुद्ध फुलवती या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली असे ठरविले की, ९ सप्टेंबर २००५ रोजी पिता हयात असेल तरच मुलीस हा हक्क पोहोचतो. पुढे विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणी ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत अमान्य केले. यानंतरही एखाद्या लेखकाने जुन्या लेखातील संदर्भ न तपासता उतरविला, तर त्यावर विसंबून दिलेल्या सल्ल्यामुळे एखादी मुलगी आपला न्याय्य हिस्सा मागण्याचेच सोडून देईल.

म्हणून उद्धृत केलेला निर्णय स्वतः वाचणे आणि तो अद्याप ग्राह्य आहे किंवा कसे याची खात्री करणे, हे लेखकाचे पहिले कर्तव्य होय. दुसऱ्याचा विचार घेतल्यास त्याचे नाव द्यावे. लेखक संबंधित दाव्यात एखाद्या पक्षाचा वकील असेल, तर ती गोष्ट वाचकांपासून लपवू नये. छापून झालेला लेख नवा म्हणून अन्यत्र पाठवू नये. चूक उमगल्यास त्याच नियतकालिकात दुरुस्ती प्रसिद्ध करावी.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम केले. प्रकाशनात ६० टक्क्यांहून अधिक मजकूर उसना आढळल्यास लेख मागे घेण्याची आणि लागोपाठच्या दोन वार्षिक वेतनवाढी रोखण्याची तरतूद त्यांत करण्यात आली. अशा नियमांची आवश्यकता आहेच. परंतु टक्केवारीने केवळ शब्दांची उचल मोजता येते. संदर्भ खरा आहे की कालबाह्य, हे त्यावरून कळत नाही. ती पारख लेखकानेच करावयाची असते.

खरेदीखतावर साक्ष घालणारा शहाणा मनुष्य व्यवहार पाहिल्याखेरीज सही करीत नाही. लेखाखाली नाव घालणाऱ्यानेही तोच दंडक पाळावा.