तपासणी आपल्या हाती

परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि भायखळ्याचं जे. जे. ही दक्षिण व मध्य मुंबईतली सरकारी आणि महापालिकेची मोठी रुग्णालयं. एचआयव्हीची तपासणी आणि औषधोपचार इथे मोफत मिळतात. तरीही अनेक तृतीयपंथीयांची पावलं ओपीडीच्या दारात अडखळतात. नाव कुठलं सांगायचं? रांग कुठली, बायकांची की पुरुषांची? आणि लोक टक लावून पाहतील त्याचं काय?

२०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तृतीयपंथीयांमधलं एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ३.८ टक्के आढळलं. देशातल्या प्रौढांमध्ये ते साधारण ०.२१ टक्के होतं. याचं मूळ कुणाच्या ओळखीत नाही. गुदमार्गाचं अस्तर नाजूक असतं, त्यामुळे निरोधाविना संबंध आल्यास विषाणूला सहज वाट मिळते. भर पडते ती गरिबीची, हिंसेची आणि उपचारांतल्या दिरंगाईची. गरमी आणि परमा हे लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार तर कित्येकदा लक्षणांवाचून अंगात राहतात.

चित्र पालटू लागलंय. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली. २०२३ मध्ये मुंबईच्याच गोकुळदास तेजपाल रुग्णालयात त्यांच्यासाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला.

एचआयव्हीचा धोका संभवला, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावं; प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या उपयोगी. लागण झालेल्यांनी औषधं नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू सापडेनासा झाला, की लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराला लागत नाही. अहवाल गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. माहितीसाठी मोफत हेल्पलाइन: १०९७.