उस्तादाशी मतभेद : सेजविक आणि डार्विन

(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



अशा प्रसंगी पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, असा रिवाज आहे. ते महत्त्व आपणांस पटलेले नसते तर लाखनी, साकोली, तुमसर, पवनीकडून एस.टी.चे धक्के खात आपण येथे आला नसता. तेव्हा ते सोडून मी आज एका उस्तादाची आणि त्याच्या शागिर्दाची हकीकत सांगणार आहे. उस्तादाचे नाव अ‍ॅडम सेजविक. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात ते भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते आणि चर्चचे पाद्रीही होते. शागिर्दाचे नाव चार्ल्स डार्विन.

हे दुसरे नाव निघाले की आपल्या बैठकीत थोडी चुळबूळ होते, हे मला ठाऊक आहे. दहावी-बारावीच्या मुलांचे वडील मला बाजूला घेऊन विचारतात, “सर, हा धडा आमच्या पोरांनी वाचावा की नाही?” प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे बरे नव्हे. पण आधी हकीकत ऐका.

डार्विनचा जन्म १८०९ चा. वडील श्रुसबरी गावचे नामांकित डॉक्टर. मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून त्याला एडिंबरोला पाठविले. दोन वर्षांत तो ते शिक्षण सोडून आला. मग पाद्री तरी होईल म्हणून केंब्रिजला घातले. तेथे स्वारीचे लक्ष शिकारीत आणि भुंगेरे गोळा करण्यात. हा मुलगा घराण्याच्या नावाला बट्टा लावणार, असे वडिलांनी त्याला तोंडावर सुनावले होते. येथे बसलेल्या काही वडिलांना हे वाक्य ओळखीचे वाटेल!

आणि भूगर्भशास्त्र? एडिंबरोला या विषयाची व्याख्याने त्याला इतकी कंटाळवाणी वाटली की जन्मात या विषयाचे पुस्तक हाती धरायचे नाही, असे त्याने ठरवून टाकले. एक नीरस शिक्षक विद्यार्थ्याच्या मनात एक अख्खे शास्त्र मारून टाकू शकतो, हे आम्हा शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ते शास्त्र पुन्हा जिवंत केले दोघांनी. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांनी या मुलातला निसर्गाचा नाद ओळखला, भूगर्भशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला आणि सेजविकना गळ घातली की वेल्सच्या डोंगरांत जाल तेव्हा या पोराला बरोबर न्या. डार्विनने खडकांच्या थरांचा कल मोजण्याचे यंत्र विकत घेतले आणि घरी खोलीतली टेबले वाकडीतिकडी मांडून त्यांचेच कल मोजत बसला. शिकण्याची ओढ लागली की माणूस असाच थोडा वेडा दिसतो.

१८३१ च्या ऑगस्टमध्ये सेजविक श्रुसबरीला डार्विनच्या घरी मुक्कामाला आले. त्या वेळी सेजविक ४६ वर्षांचे, डार्विन २२ वर्षांचा. बोलता बोलता डार्विनने आपली एक बातमी सांगितली. गावाजवळच्या खडीच्या खाणीत एका मजुराला उष्ण समुद्रात सापडतो तसा एक मोठा शंख मिळाला होता. डार्विनने तो विकत मागितला, मजूर देईना. त्यावरून शंख खरोखर खाणीतच मिळाला आहे, अशी डार्विनची खात्री झाली. इंग्लंडच्या मधोमध, थंड प्रदेशात, उष्ण समुद्राचा शंख! त्याला वाटले, प्रोफेसरसाहेब आनंदाने उडी मारतील.

सेजविक म्हणाले, कोणीतरी तो तेथे टाकला असेल. आणि पुढे असेही म्हणाले की, तो खरोखर त्या थरातलाच निघाला तर भूगर्भशास्त्रावर मोठेच संकट येईल. त्या भागातील वरच्या थरांविषयी आजवर जे समजले आहे ते सारे कोसळेल.

डार्विन चकित झाला. इतक्या नवलाच्या वस्तूचा यांना आनंद कसा नाही? पण त्या रात्रीच्या बोलण्याने त्याला एक गोष्ट उमगली आणि म्हातारपणी आत्मचरित्रात त्याने ती लिहून ठेवली : सुटी सुटी नवले गोळा केल्याने शास्त्र होत नाही; अनेक गोष्टी एकत्र मांडून त्यांतून नियम निघाला पाहिजे. त्या खडीच्या थरात पुढे डार्विनला थंड समुद्रातील शिंपल्यांचे तुकडे मिळाले. ती खडी हिमयुगातली होती. म्हणजे उष्ण समुद्राच्या शंखाविषयीची गुरूची शंका रास्त होती.

मित्रहो, ही रीत आपल्याला परकी नाही. सुमारे १०३० साली अल्-बिरूनीने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की डोंगराजवळ, जेथे नदीचा ओघ जोरात असतो तेथे दगडगोटे मोठे. दूर जावे तसे लहान. समुद्राकडे नुसती वाळू. यावरून त्याने अनुमान काढले की उत्तरेचे मैदान एके काळी समुद्र असावे आणि नद्यांच्या गाळाने ते भरून आले असावे. आपली वैनगंगा तेच काम रोज आपल्या डोळ्यांदेखत करते. आपण तिची वाळू फक्त ट्रकात भरतो. तुमसरकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत, साकोलीच्या नावाने भूगर्भशास्त्रज्ञ खडकांचा एक समूह ओळखतात. पण आपल्या मुलांना या गोष्टी सांगणारे घरात कोणी नाही. नागपुरात १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप हे पाद्री आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी या मुलखातले जीवाश्म वेचून त्यांची हकीकत १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्राच्या नियतकालिकात छापली. ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे, तेच हे हिस्लॉप.

असो. वेल्सकडे वळतो. गुरु-शिष्य निघाले. सेजविक मोठे तऱ्हेवाईक. एका सकाळी खाणावळीतून निघून मैल-दोन मैल गेल्यावर ते एकदम थांबले : मोलकरणीसाठी दिलेले सहा पेन्स त्या वेटरने तिला दिलेच नसणार, मी परत जातो! डार्विनने समजूत घातली की संशयाला काही कारण नाही, तेव्हा कुठे स्वारी पुढे निघाली. मला ही गोष्ट फार आवडते. खडकांचा एवढा मोठा जाणकार, आणि जीव एका मोलकरणीच्या सहा पेन्सात अडकलेला.

सेजविक डार्विनला आपल्या वाटेला समांतर अशा दुसऱ्या वाटेने पाठवीत. खडकांचे नमुने आण, थरांच्या खुणा नकाशावर कर, असे सांगत. त्या काळच्या मान्य नकाशात क्लुइडच्या खोऱ्यात तांबड्या वालुकाश्माचा एक पट्टा दाखविला होता. डार्विनला तो कोठे आढळेना. गुरूने त्याचे निरीक्षण मानले. छापील नकाशापेक्षा शिष्याच्या डोळ्यांवर त्यांनी भरवसा ठेवला. डार्विनला याचा केवढा अभिमान वाटला! हा सहवास थोड्याच दिवसांचा होता. डार्विनने तो वेळेत उरकला, कारण सप्टेंबरमध्ये तितरांची शिकार सुरू होणार होती आणि भूगर्भशास्त्रासाठी ती बुडविणे त्याला निव्वळ वेडेपणाचे वाटले असते!

२९ ऑगस्टला तो घरी आला, तो हेन्स्लोंच्या मार्फत ‘बीगल’ जहाजावर जाण्याचे बोलावणे येऊन पडलेले. वडील नाही म्हणाले. पण एखादा शहाणा माणूस ‘जा’ म्हणेल तर माझी हरकत नाही, अशी वाट त्यांनी मोकळी ठेवली. मामाने रदबदली केली आणि वडिलांनी आपला शब्द पाळला. २७ डिसेंबर १८३१ ला जहाज सुटले.

डार्विन दक्षिण अमेरिकेतून पत्रे आणि नमुने पाठवीत राहिला. १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये सेजविकनी त्याच्या पत्रांतले उतारे लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत वाचून दाखविले. शिवाय ते त्याच्या वडिलांना भेटून म्हणाले की तुमचा मुलगा मोठ्या शास्त्रज्ञांत गणला जाईल. बहिणींच्या पत्रातून ही बातमी डार्विनला असेन्शन बेटावर कळली. तो उड्या मारीत डोंगर चढला आणि त्याच्या हातोड्याखाली ज्वालामुखीचे खडक घणघणू लागले, असे त्याने स्वतः लिहिले आहे. शिक्षकाने घरी जाऊन वडिलांना सांगितलेला एक चांगला शब्द हजारो मैल दूर असलेल्या मुलापर्यंत असा पोचतो. आपल्याकडे शिक्षक घरी येतो तो बहुधा तक्रार घेऊन.

आता मतभेदाकडे येतो. नोव्हेंबर १८५९ मध्ये डार्विनचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ निघाला. त्याने एक प्रत ७४ वर्षांच्या सेजविकना पाठविली. हे पुस्तक त्यांना रुचणार नाही, हे त्याला पक्के माहीत होते. तरी पाठविली. सेजविकनी पुस्तक वाचले आणि २४ नोव्हेंबरला उत्तर लिहिले. आनंदापेक्षा दुःखच अधिक झाले. काही भागांचे कौतुक वाटले, काही भाग वाचून पोट दुखेपर्यंत हसलो, काही वाचून जिवाला क्लेश झाले. तू पुराव्यावरून नियमाकडे जाण्याची खरी वाट सोडलीस. निसर्गाला जशी भौतिक बाजू आहे तशी नैतिक बाजूही आहे, ती तू तोडू पाहतोस. एवढे सगळे लिहून शेवटी सही केली ती जुना मित्र म्हणूनच.

डार्विनने रागावून उत्तर लिहिले नाही. तो म्हणाला, ज्यांचा मी मनापासून मान राखतो त्यांना माझ्यामुळे धक्का बसला याचे दुःख आहे. पण वीस वर्षांहून अधिक राबून मी या निष्कर्षास आलो आहे, कोणत्याही वाईट हेतूने नव्हे. चुकत असेन तर लवकरच माझा फडशा पडेल. मत त्याने तसूभरही बदलले नाही.

सेजविक पत्रावर थांबले नाहीत. १८६० मध्ये त्यांनी ‘स्पेक्टेटर’ मध्ये निनावी टीका लिहिली आणि केंब्रिजच्या सभेत सिद्धान्तावर तुटून पडले. त्या सभेत डार्विनची बाजू सावरायला उठले ते हेन्स्लो. सिद्धान्त त्यांनाही पटलेला नव्हता. पण आपला शिष्य प्रामाणिक शोधक आहे, एवढे सांगणे त्यांना कर्तव्य वाटले. सेजविक फरिश्ता होते असे मात्र समजू नका. खडकांच्या दोन कालखंडांची सीमा कोठे आखावी, यावरून मर्चिसन या आपल्या जुन्या सोबत्याशी त्यांचे असे बिनसले की ती दोस्ती कायमची तुटली. डार्विनशी मात्र त्यांनी नाते तोडले नाही, आणि डार्विननेही नाही.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर. धडा वाचावा, नीट वाचावा. आज जीवशास्त्राची सारी उभारणी उत्क्रांतीच्या सिद्धान्तावर झालेली आहे. ज्याला डॉक्टर किंवा जीवशास्त्राचा शिक्षक व्हायचे आहे त्याला तो यायलाच हवा. मनात शंका उठली तर ती शिक्षकांना विचारावी, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावी, आलिमांना विचारावी. पण पाद्री असलेल्या सेजविकनी पुस्तक आधी वाचले, मग विरोध केला, आणि तो लेखकाला सरळ कळविला. पाने न उघडता विरोध करण्याची सवलत त्यांनी स्वतःला दिली नाही.

आणि मुलगा उलट प्रश्न विचारतो म्हणून जे पालक त्याला बेअदब म्हणतात, त्यांनी इमाम अबू हनीफा यांची मजलिस आठवावी. त्यांचे शागिर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी कितीतरी मसल्यांत उस्तादाहून वेगळा कौल दिला, आणि ते कौल हनफी ग्रंथांत उस्तादाच्या मताशेजारीच नोंदलेले आहेत. इमाम शाफई मदिन्यात इमाम मालिक यांच्याजवळ शिकले आणि पुढे त्यांचा स्वतःचा मजहब झाला. उस्तादाचा आदर त्यामुळे कमी झाला, असे कोणी म्हटले नाही. विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की त्या शागिर्दांनी आधी वर्षानुवर्षे बसून ऐकले होते.

१८७० च्या मे महिन्यात डार्विन केंब्रिजला गेला तेव्हा सेजविकना भेटायला गेला. सेजविक ८५ वर्षांचे, डार्विन ६१ वर्षांचा आणि प्रकृतीने कायमचा अधू. म्हाताऱ्या गुरूने त्याला आपण आयुष्यभर जमविलेले जीवाश्म दाखवायला संग्रहालयात नेले, आणि इतके फिरविले, इतके दाखविले, की डार्विन पार गळून गेला. एवढ्या वयाच्या माणसाने आपला असा निकाल लावावा, याची त्याला लाजच वाटली! सेजविकना मात्र आपण त्याला दमविले याची कल्पनाही नव्हती. जुना शिष्य भेटीला आला, या आनंदातच ते होते. जानेवारी १८७३ मध्ये ते वारले.