पेट्रोलच्या जोडीला वीज



मोटारींवर बोलायला एका कवीला का बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. पण माझं बालपण गॅरेजमध्ये गेलं. मिरजेत अब्बांचं लहानसं गॅरेज होतं. फियाट, अँबॅसिडर, जीप यांच्या पोटातले आवाज ऐकत मी मोठा झालो. अब्बा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, ‘‘टॅपेट वाजतंय,’’ नाहीतर ‘‘बेअरिंग गेलंय.’’ सहसा चुकायचे नाहीत. लय म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी तिथं कळलं.

म्हणून माझा भाचा, जो आता ते गॅरेज बघतो, परवा म्हणाला, ‘‘मामू, जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांतसुद्धा आता बॅटरी असते,’’ तेव्हा मला ते पटेना. हायब्रीड म्हणजे पेट्रोल वाचवणारी, सिग्नलला गप्प बसणारी सज्जन गाडी, अशी माझी समजूत. टोयोटाची प्रिअस १९९७ साली जपानात आली, तेव्हापासून बहुतेकांची हीच समजूत असावी. वास्तविक ही जोडी फार जुनी. फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्यानं १९०० साली व्हिएन्नात अशी एक गाडी केली होती. पेट्रोल इंजिन वीज तयार करी आणि चाकांतल्या मोटारी गाडी ओढत. तिचं लॅटिन नाव ‘सेंपर विवुस’, म्हणजे सदा जिवंत. मला हे नाव फार आवडलं. गाडी मात्र जड होती. वजनाचं हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

मग या जोडीचा वेगाशी संबंध काय? पेट्रोल इंजिनाला रंगात यायला वेळ लागतो. फेरे वाढले की त्याची खरी ताकद बाहेर पडते. टर्बो असेल तर पाय दाबल्यावर तो फुंकर घालेपर्यंत क्षणभर थांबावंच लागतं. विजेच्या मोटारीचं उलट आहे. पहिल्या फेऱ्यापासून तिचा पीळ पुरा. म्हणजे इंजिन जिथं अडखळतं, नेमकी तिथं वीज हात देते. शिवाय ब्रेक मारताना जी ऊर्जा उष्णता होऊन वाया जायची, तिच्यातली काही बॅटरीत परत येते. शर्यतीच्या गाडीत पेट्रोल वाचवण्यापेक्षा ही पोकळी भरणं हेच विजेचं खरं काम.

याचा फड रंगला तो जर्मनीत, न्यूर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर. १९२७ चा हा रस्ता डोंगरातून जातो. एक फेरी वीस किलोमीटरहून अधिक, वळणं सत्तरावर. याला ‘हिरवा नरक’ म्हणतात. सप्टेंबर २०१३ मध्ये पोर्शेच्या ९१८ स्पायडर या हायब्रीडनं इथं ६ मिनिटं ५७ सेकंदांत फेरी पुरी केली. त्याच सुमारास मॅकलारेनची पी-१ आणि फेरारीची लाफेरारी आली. पेट्रोलचा जमाना संपला, असं तेव्हा बऱ्याच जणांनी जाहीर करून टाकलं.

पण पेट्रोल चीत झालं नव्हतं. २०१६ मध्ये लॅम्बोर्गिनीची बॅटरीविना हुराकान परफॉर्मान्ते ६ मिनिटं ५२ सेकंदांत फिरून आली. पुढच्या वर्षी खुद्द पोर्शेचीच ९११ जीटी-२ आरएस ६ मिनिटं ४७ सेकंदांत. हीसुद्धा निव्वळ पेट्रोलची आणि ९१८ पेक्षा दीडशे-दोनशे किलोनं हलकी. घरातल्याच धाकट्यानं थोरल्याला पाडावं तसं झालं. २०२२ मध्ये मर्सिडीजच्या एएमजी वननं डाव उलटवला, ६ मिनिटं ३५ सेकंद, आणि २०२४ मध्ये तीच गाडी साडेसहा मिनिटांच्या आत आली. आता एएमजी वनमध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीचं इंजिन बसवलंय आणि अशा गाड्या केल्या फक्त २७५. तेव्हा सगळं श्रेय विजेला देणं मला बरोबर वाटत नाही. तरी वेगाच्या बाबतीत हायब्रीड बरोबरीला आली का, याचं उत्तर घड्याळानं देऊन टाकलंय, हे माझ्यासारख्या हट्टी माणसालाही मान्य करावं लागतं.

वजनाचं मात्र वेगळं आहे. बीएमडब्ल्यूच्या एम-५ चं बघा. आधीच्या पिढीची ‘कॉम्पिटिशन’ ६२५ अश्वशक्तीची, शून्यावरून शंभरचा वेग ३.३ सेकंदांत. २०२४ ची हायब्रीड ७२७ अश्वशक्तीची, तिला लागतात ३.५. शंभर घोडे जास्त जुंपले तरी गाडी मागे, कारण वजन गेलं दोन टन चारशे किलोच्या वर. याउलट पोर्शेनं त्याच वर्षी ९११ जीटीएसमध्ये अगदी चिमुकली बॅटरी बसवली आणि एक छोटी मोटार थेट टर्बोच्या पोटात. वजन वाढलं पन्नासेक किलो आणि न्यूर्बुर्गरिंगवर ती आपल्या आधीच्या गाडीपेक्षा ८.७ सेकंदांनी पुढे. म्हणजे वीज किती घेतली, यापेक्षा ती कुठं घातली, यावर सगळं ठरतं. कवितेत विशेषणांचंही असंच असतं, पण तो आजचा विषय नाही.

आता आवाजाकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथं आहे. ग्रेटर नोएडात २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन शर्यत झाली. तेव्हा त्या गाड्यांत आठ सिलिंडरची इंजिनं होती, मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांपर्यंत चढणारी. ब्रेकची ऊर्जा साठवणारी यंत्रणाही होती, पण आवाजाला तिनं धक्का लावला नव्हता. २०१४ मध्ये नियम बदलले. सहा सिलिंडर, टर्बो आणि मोठा वाटा विजेचा. मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत आयोजकांनी आवाज गेल्याची उघड तक्रार केली. गाड्या कमी पेट्रोलमध्ये तेवढंच अंतर कापत होत्या, पण लोकांच्या छातीत काही वाजेना. मर्सिडीजनं सी-६३ मधलं आठ सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडर आणि मोटार बसवली, तेव्हाही हेच झालं. ताकद वाढली आणि जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली.

भाचा यावर हसतो. म्हणतो, ‘‘मामू, आवाजानं गाडी पळत नाही.’’ खरं आहे त्याचं. त्याच्या दारात फेरारी येणार नाही, पण २०२२ पासून इनोव्हा हायक्रॉस आणि ग्रँड विटारासारख्या हायब्रीड गाड्या आपल्याकडे धावताहेत, आणि त्याही दुरुस्तीला येतात. त्यांच्यातल्या नारिंगी केबलींत माणूस जागच्या जागी मरेल एवढा दाब असतो. रबरी हातमोजे घालायचे, बॅटरीचा प्लग काढायचा, काही मिनिटं थांबायचं आणि मगच हात घालायचा. तो हे रीतसर शिकून आला. त्याच्याबरोबरचे दोघे वयस्कर मिस्त्री शिकायला तयार झाले नाहीत. हायब्रीड आली की ते चहाला जातात. त्यांचा कान अब्बांसारखाच तयार आहे. फेरारीपेक्षा मला त्यांची काळजी जास्त वाटते.

मी भाच्याला विचारलं, अब्बांचा स्क्रू ड्रायव्हर आता फेकून द्यायचा का? तो म्हणाला, ‘‘नाही. इंजिन तर पेट्रोलचंच आहे, टॅपेट आहेतच. फक्त ते मनाला येईल तेव्हा बंद पडतं, मनाला येईल तेव्हा सुरू होतं. म्हणून ऐकायचं असलं तर आधी तिला सर्व्हिसच्या मोडमध्ये टाकून चालू ठेवावं लागतं.’’ परवा त्यानं तसं केलं, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं त्या दोघांपैकी एकाला हाक मारली, ‘‘चाचा, जरा कान लावा.’’