इंग्रजी लेखनात कोणाचे म्हणणे कसे नोंदवावे

पेण तालुक्यातील गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्या ग्रंथाचा इंग्रजीत दाखला देताना विद्यार्थ्याने ‘विनोबा राइट्स’ लिहिले, तर गुरुजींची लेखणी नाहीशी होते. तेथे ‘सेज’ हवे. ‘गीताई’ मात्र विनोबांनी स्वतः रचली. तेथे ‘राइट्स’ शोभते.

‘अकॉर्डिंग टू’ हा प्रयोग दुसऱ्याच्या म्हणण्यासाठी वा कागदपत्रासाठी आहे. ‘माझ्या मते’चे शब्दशः भाषांतर करून ‘अकॉर्डिंग टू मी’ लिहिण्याची खोड शाळेतच लागते. ‘इन माय ओपिनियन’ म्हणावे.

कार्यालयात मात्र चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. खारेपाटात बांध फुटला, भातशेतीत खारे पाणी शिरले आणि शेतकऱ्याचा जबाब विमा कंपनीकडे इंग्रजीत जावयाचा आहे, असे समजा. ‘क्लेम्स’ लिहिले की त्याच्या शब्दावर संशयाची छाया पडते. ‘ॲडमिट्स’ लिहिले की तो अपराधच कबूल करीत आहे असे वाटते. ‘मान्य करतो’ या निरुपद्रवी मराठी शब्दांतून हा अनर्थ सहज घडतो. ‘पॉइंट्स आउट’ म्हटले की लिहिणाऱ्याने ते खरे धरले. चौकशी पुरी होईपर्यंत ‘स्टेट्स’ हाच निःपक्षपाती शब्द. ‘इट इज रिपोर्टेड’ ही तर पळवाटच: पंचांनी पाणी डोळ्यांनी पाहिले की केवळ ऐकले, हे त्यातून कळत नाही. पाहिले असेल, तर पंचनाम्याची तारीख त्याच वाक्यात यावी.