लुगड्यांची गोधडी

(दिघा येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आनंदाच्या मेळाव्यात शोकाचा विषय काढतो, याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. परंतु वर्षभरात आपल्यांतील ज्या घरांवर दुःखाची छाया पडली, त्यांच्याशी दोन शब्द बोलावयाचे तर याहून जवळचे ठिकाण आम्हांस दुसरे नाही.

मृत्यू घडला की आपली ज्ञाती धावून येते. दहावा, तेरावा होईपर्यंत घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवशी मात्र सारे आपापल्या कामाला लागतात, आणि खरे दुःख त्या दिवशी सुरू होते. गेल्या श्रावणात आमच्या मातोश्री निवर्तल्या, तेव्हा याचा अनुभव आम्ही घेतला. वडिलांनी बोलणेच सोडले. सकाळी ओटीवर बसत, ते तिन्हीसांजेपर्यंत तेथेच.

दिवाळीनंतर आईची पेटी उघडली, तीत सात नऊवारी लुगडी निघाली. नेसून मऊ झालेली. कोणास देण्याजोगी नव्हेत, टाकवत तर मुळीच नव्हती. आमच्या पत्नीने गोधडीची कल्पना काढली. आत्याबाईंना ती रुचली नाही. गेलेल्या माणसाचे वस्त्र अंगावर घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. पण काम आरंभिले.

काठ उसवण्याचे काम वडिलांकडे दिले. नजर अधू, म्हणून सुईत दोरा ओवण्याचे काम धाकट्या नातीने घेतले. शाळेत जाण्यापूर्वी ती दहाबारा सुया ओवून ठेवी. पाच लुगडी एकावर एक अंथरून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत बायका समोरासमोर बसत. तिसऱ्या दिवशी एक हिरवे लुगडे हाती येताच वडील आपण होऊन म्हणाले, "हे लावणीचे. याच्या काठाचा चिखल कधी निघाला नाही." आणि मग नातीला ते आपली शेते सांगू लागले. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत आज जेथे कारखाने व वसाहती आहेत, जेथून २०२४ पासून दिघा गाव स्थानकाची लोकल सुटते, त्या परिसरात भात डोलत असे, हे त्या मुलीने प्रथमच ऐकिले. आत्याबाईंनी सुईला अखेरपर्यंत हात लावला नाही. परंतु रोज दुपारी येऊन बसत, आणि कोणते लुगडे कोणाच्या लग्नातले, ते बिनचूक सांगत.

हाताला काम मिळाले की मनाला वाट सापडते, ही गोष्ट नवी नव्हे. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली निवर्तले, तेव्हा रमाबाईंवर आकाश कोसळले. त्या कित्येक दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. पुढे त्याच रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारिले, आणि शिक्षणाबरोबर शिवणकाम व हस्तकला शिकवून अनेक विधवा, निराधार भगिनींना पायांवर उभे केले. पतीच्या आठवणी त्यांनी लिहून काढल्या, त्या १९१० साली प्रसिद्ध झाल्या. सुई असो वा लेखणी, दुःखाला हातांतून बाहेर येऊ द्यावे, हाच यातील बोध होय.

मात्र आम्ही अतिशयोक्ती करीत नाही. गोधडी पुरी झाली त्या रात्री वडिलांना झोप लागली नाही. दुःख संपले नाही. ते एकट्याचे होते, ते घराचे झाले, इतकेच. पण इतके थोडे आहे काय?

म्हणून आमची मंडळास एक नम्र सूचना आहे. सांत्वनास जाणाऱ्यांनी चौदाव्या दिवसानंतरही जावे, आणि रिकाम्या हाताने बसण्यापेक्षा त्या घरी काही काम काढावे. कोणी गोधडी शिवावी, कोणी जुनी छायाचित्रे नावांसह वहीत चिकटवावी, धवले येणाऱ्या वृद्ध स्त्रियांकडून ते मुलींनी उतरून घ्यावे. यास पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि वेळ देणे हेच तर ज्ञातिधर्माचे सार आहे.

उरलेली दोन लुगडी आम्ही घडी करून ठेविली आहेत. ती नातीच्या हातून शिवली जातील, तेव्हा आम्ही काठ उसवीत बसलेले असू, अशी आशा बाळगून आपली रजा घेतो.