यात्रेकरूंचे संडास : बांधणे आणि राखणे



देवळाच्या जीर्णोद्धारात कळसाला देणगीदार मिळतो, घंटेला मिळतो, फरशीच्या एकेका चौरस फुटालाही मिळतो. संडासाला मात्र कोणी पुढे येत नाही. त्या भिंतीवर वडिलांच्या नावाची पाटी कोणाला लावावीशी वाटेल? संकोच समजण्यासारखा आहे. परंतु यात्रेच्या दिवशी त्याची झळ बायकांना बसते.

आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. दिंडीतली बाई पहाटे अंधारात उठते ती विठ्ठलाच्या ओढीने, हे खरेच. पण उजाडण्यापूर्वी आडोसा गाठायचा असतो, हेही तितकेच खरे. मग दिवसभर ती पाणी बेताने पिते. उन्हात चालताना पाणी तोडले की भोवळ येते, लघवीला जळजळ होते, आणि हे दुखणे ती घरी गेल्यावरही कोणाला सांगत नाही.

पंढरपुराने याची किंमत फार मोजली. इंग्रजी अमदानीत यात्रा आणि पटकी अशी जोडीच ठरून गेली होती. पुढे लस आली, नळ आले, तरी चंद्रभागेच्या वाळवंटात घाण होतच राहिली. ती उचलणारी माणसे काही आपखुशीने उचलीत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ते काम ठरावीक जातींच्या माथी मारलेले. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा झाला, तरी पंढरपूरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. त्यानंतर वाळवंटातील मुक्कामाला आळा बसला, पासष्ट एकरांच्या तळावर वारकऱ्यांची सोय झाली आणि २०१५ पासून पालखीच्या मुक्कामांवर फिरती शौचालये मोठ्या संख्येने जाऊ लागली.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) यात्रेत दर्शनाच्या रांगेत उभे न राहता खराट्याने रस्ते झाडीत. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील धर्मशाळांत घातला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः भंगीकाम केले आणि कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचे सोनखत करणारे संडास उभारले.

खेड्यातल्या देवस्थानाला परवडण्याजोगा संडास म्हणजे दोन खड्ड्यांचा. भांड्याला उतार जास्त ठेवला की दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. खड्ड्याच्या भिंतीत भोके ठेवावीत आणि तळ कच्चा असावा; पुष्कळ गवंडी उत्साहाने तळाला सिमेंट करतात आणि सगळे बिघडवतात. एक खड्डा भरला की तो बंद करून मैला दुसऱ्यात सोडायचा. बंद खड्ड्यात दोन वर्षांनी काळसर, वास नसलेली माती मिळते. ती कोणीही शेतकरी फावड्याने काढून शेतात टाकू शकतो, त्यासाठी कोणा एका जातीला बोलवावे लागत नाही. विहिरीपासून अंतर मात्र निदान ५० फूट हवे. पाणी वर असलेल्या जमिनीत त्याहून अधिक. जत्रेच्या दोन दिवसांची गर्दी या खड्ड्यांना झेपणार नाही. तेवढ्यापुरते वेगळे चर खणावेत, तट्ट्यांचा आडोसा करावा, आत मातीचा ढीग व लोखंडी पाटी ठेवावी आणि जत्रा उठताच चर बुजवावेत.

इथवर सारे सोपे आहे. अवघड आहे ते पुढचे. गावोगाव देवळांमागे संडास बांधलेले दिसतात आणि दाराला कुलूप, आत गोवऱ्या! बांधकामाला एकदा पैसा जमतो. पाणी चढवणारा, फिनेल टाकणारा आणि दाराची कडी दुरुस्त करणारा माणूस वर्षभर लागतो, त्याचा पगार कोणाच्या हिशेबात नसतो. पाटण्याला १९७४ साली सुलभ संस्थेने थोडे पैसे घेऊन सार्वजनिक शौचालय चालवून दाखवले, आणि लोकांनी पैसे दिले, कारण आत स्वच्छ होते. जत्रेत तसे करता येईल. पण म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या बायका यांच्याकडून काही घेऊ नये.

देवस्थानाच्या पावतीपुस्तकात म्हणूनच ‘संडास देखभाल’ असे वेगळे सदर हवे. त्यातली रक्कम ठेवीत टाकून व्याजातून एका माणसाला दरमहा ठरल्या तारखेस पगार द्यावा. पाणी, आतली कडी आणि दिवा या तीन गोष्टी दर एकादशीच्या आदल्या दिवशी पंचांपैकी एकाने व गावातील एका बाईने पाहून वहीत सही करावी.