पहिली बंदूक : खेळासाठी की घरासाठी?

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पत्रिकेत आजचा विषय वाचून काहींनी भुवया उंचावल्या असणार. संतसाहित्य, शेअरबाजार, मधुमेह यांच्या रांगेत बंदूक कशी शिरली? खरं सांगायचं तर ती कायद्याच्या दारातूनच आली आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचं तेरावं कलम पाहा. किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक ‘संरक्षण किंवा क्रीडा’ यासाठी मागणाऱ्या नागरिकाला परवाना देण्याची तरतूद त्यात आहे, आणि त्याच दमात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचीही. कोकणातल्या मंडळींना त्या दुसऱ्या भागाची ओळख करून द्यायला नको. वानर आणि रानडुकरं ती करून देतातच. माझा विषय पहिला भाग. संरक्षण आणि क्रीडा हे दोन शब्द कायद्यानं शेजारी बसवले, म्हणून लोकांना वाटतं की एकच बंदूक दोन्ही कामं करील. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच : ‘क्ले टार्गेट खेळायचंय, घरातही असावी, कोणती घेऊ?’

आधी खेळ पाहू. महाराष्ट्राला नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आठवतात, आणि २०२४ नंतर पॅरिसचं कांस्य जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. सगळे रायफल किंवा पिस्तुलाचे. शॉटगनचा, म्हणजे या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, मान उत्तरेकडे गेला. बिकानेरचे महाराजा करणी सिंह १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत उडत्या चकत्यांच्या ट्रॅप प्रकारातलं रौप्य जिंकून आले आणि पाच ऑलिंपिक खेळले. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं. मानवजितसिंह संधू २००६मध्ये ट्रॅपचे जगज्जेते झाले. आपल्याकडे शिकवणारे आणि मैदानं दोन्ही कमी, त्यामुळे पहिल्या बंदुकीचा सल्ला दुकानदार देतो. तिथेच गडबड होते.

‘क्ले’ म्हणतात, पण त्या तबकडीत माती नसते. डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची पूड यांची ती ११० मिलिमीटर रुंद, १०५ ग्रॅम वजनाची चकती. ट्रॅपमध्ये ती तुमच्या पुढे पंधरा मीटरवरच्या खंदकातून उसळते आणि दूर पळते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. स्कीटमध्ये दोन बाजूंच्या दोन घरांतून ती तुमच्यासमोरून आडवी जाते. काडतुसात शिसं जास्तीत जास्त चोवीस ग्रॅम. बारीक साडेसात नंबरचे छरे घेतले तर ते तीनशेच्या आसपास भरतात. एवढ्या छऱ्यांचा ढग पळत्या चकतीच्या वाटेत नेऊन ठेवायचा, हा सगळा खेळ. स्कीटच्या चौथ्या जागेवर तर चकतीच्या जवळजवळ चार फूट पुढे, मोकळ्या हवेत मारावं लागतं. रायफलवाल्यांची इथेच फजिती होते. श्वास रोखून, हात स्थिर करून चाप ओढायची त्यांना सवय. इथे चाप ओढतानाही नळी फिरती राहिली पाहिजे. ती थांबली की छरे मागे आणि चकती पुढे.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. रायफलला मागची माशी असते. शॉटगनला नसते. मागची माशी म्हणजे तुमचा डोळा. दस्त्यावर गाल टेकला की डोळा जिथे येतो, तिथून बंदूक पाहते. दस्ता बुटका असेल तर डोळा नळीच्या खाली जातो, उंच असेल तर फार वर. दस्ता लांब असेल तर खांद्यावर घेताना काखेत अडकतो. आखूड असेल तर धक्क्यासरशी अंगठ्याचं पेर नाकावर बसतं. म्हणून मी सांगतो, कंपनीचं नाव विचारू नका, आधी स्वतःचं माप घ्या. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर, गाल टेकतो तिथली उंची आणि दस्त्याचा बाजूला असलेला किंचित कल ही तीन मापं अंगाला जुळली नाहीत, तर इटलीतल्या गार्दोनेची बेरेत्ता असो की बोत्तिचिनोची पेरात्झी, ती दुसऱ्याचीच बंदूक. बायकांच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे, कारण कारखान्यात दस्ता बेतला जातो तो सरासरी पुरुषाच्या खांद्यावर.

माप घेण्याआधी एक परीक्षा घरी करून बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबाकडे बोट रोखा. मग डावा डोळा मिटा. बोट खांबावरच राहिलं तर उजवा डोळा मालक. सरकलं तर डावा. उजव्या हाताच्या माणसाचा मालक डोळा डावा निघाला, तर डाव्या खांद्यावरून शिकायचं की डाव्या डोळ्यापुढे काचेवर चिकटपट्टी लावायची, हे प्रशिक्षकाला विचारून ठरवावं. पण बंदूक घेण्याआधी. अनेक जण वर्षभर चकत्या चुकवून मग ही परीक्षा करतात.

प्रकारांबद्दल थोडक्यात. बोअर बाराच, स्पर्धेचं, काडतुसांचं आणि दुरुस्तीचं सगळं त्याभोवती फिरतं. नळ्या एकावर एक असलेली दुनळी सर्वांत शहाणी. नजरेखाली एकच पट्टी राहते, आणि खालची नळी आधी उडाली की धक्का सरळ मागे येतो. शिवाय ती मोडून उघडली की मैदानावरच्या प्रत्येकाला दिसतं की ती रिकामी आहे, आणि हा गुण मी सर्वांत वर ठेवतो. नळी तीस इंच, वजन साडेतीन किलोच्या आसपास. हलकी बंदूक उचलायला बरी वाटते, पण शंभराव्या काडतुसाला खांदा बोलू लागतो. नळीच्या तोंडाशी बदलता येणारा चोक, म्हणजे छऱ्यांचा पसारा आवळणारा तुकडा, हवा, ट्रॅपला आवळ आणि स्कीटला सैल. ट्रॅपची खास बंदूक मुद्दाम थोडी वर मारते, कारण चकती चढत असते. तीच घेऊन स्कीट खेळायला गेलात तर चकत्यांच्या डोक्यावरून छरे जातील. म्हणून पहिलीच असेल तर दोन्हींच्या मधली, गालाजवळची फळी वरखाली करता येणारी घ्यावी.

आता घर. हीच तीस इंची नळी फ्लॅटच्या पॅसेजमध्ये वळवून बघा. नळी, मधला यांत्रिक भाग आणि दस्ता मिळून चार फुटांच्या आसपासचं ते धूड दाराच्या चौकटीत अडकतं. अमेरिकेत लोक यावर तोड काढतात : एकच पंप बंदूक, खेळाला अठ्ठावीस इंचांची नळी आणि घरी साडेअठरा इंचांची. तिथल्या १९३४च्या संघीय कायद्यात मर्यादा अठरा इंचांची आहे. आपल्याकडे वीस. टेक्सासमधल्या पुतण्याचा सल्ला इथे जसाच्या तसा लावू नका, कारण कायदा वेगळा आणि घरंही वेगळी. तिथे जिप्समच्या पातळ भिंतींतून मोठे छरे शेजारच्या खोलीत जातात, ही त्यांची मोठी चिंता. आपल्या विटांच्या भिंती बऱ्या, पण प्लायवूडचं दार आणि त्यामागे झोपलेली आई यांचं काय?

‘छऱ्याच्या बंदुकीला नेम लागत नाही, नुसती रोखली की पुरे’ हा समज सिनेमानं पसरवला. खोलीतल्या तीन-चार मीटरवर छरे अजून पसरलेलेच नसतात. मुठीएवढा गोळा असतो तो. चकतीसाठी तीस-पस्तीस मीटरवर उपयोगी पडणारा पसारा इथे मिळत नाही. अंधार, घबराट, समोर कोण हे कळत नाही. कायदाही आंधळी मोकळीक देत नाही. २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, रात्रीच्या घरफोडीचा उल्लेखही आहे. पण पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्क नाही, आणि गरजेहून जास्त इजा करायची मुभा नाही. हे मोजमाप नंतर कोर्टात होतं.

आणखी एक व्यावहारिक गंमत. निवडणूक लागली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. चोरांना आचारसंहिता लागू नसते! बाकी काळातही बंदूक कुलपात आणि काडतुसं वेगळी ठेवायची म्हटलं, तर रात्री दोन वाजता ती हाताला लागणं कठीण. आणि भरून उशाशी ठेवली, तर घरातली मुलं, भांडणं, एखाद्याचं खचलेलं मन या सगळ्यांच्या हाताशी ती येते. घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे संशोधनानं पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. माझं मत स्पष्ट आहे : घरासाठी म्हणून बंदूक घेऊ नका. भक्कम दार, उजेड, बोलणारे शेजारी यांवर तो पैसा घाला.

‘पण आजोबांची दुनळी आहे की आमच्याकडे,’ असं कुणीतरी म्हणणारच. वाड्यांमधून अशा बर्मिंगहॅमच्या, नळ्या शेजारी शेजारी असलेल्या बंदुका बऱ्याच आहेत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, त्या खोक्यात राहिल्या. वारसा म्हणून त्यांची नोंद परवान्यावर करून घ्या, पण खेळायला घेण्याआधी जाणकार कारागिराकडून कोठी, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मोजून घ्या. जुन्या बंदुकीची कोठी पुष्कळदा ६५ मिलिमीटरची असते. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस तिच्यात मुकाट्यानं बसतं, आणि उडाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही. दाब धोकादायक पातळीला चढतो. नळीवर नागमोडी नक्षी दिसली तर ती डमास्कस पद्धतीची, काळ्या दारूच्या काळातली. ती भिंतीवरच शोभते.

नवी घ्यायची तर घाई नको. परदेशातून आणण्याची मुभा ठरावीक पात्रता गाठलेल्या नेमबाजांनाच आहे. बाकीच्यांना देशात असलेल्यांतूनच निवडावं लागतं, आणि म्हणून जुन्या मालाचे भावही चढे आहेत. त्यात २०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणारी शस्त्रं तीनवरून दोनवर आली. चुकीची एक घेतलीत तर निम्मा कोटा संपला. तेव्हा आधी क्लबचं सदस्यत्व, क्लबच्या बंदुकीवर सराव, मग आपली मापं लिहिलेला कागद आणि त्यानंतर अर्ज. अर्जात कारण विचारलं असेल तिथे ‘क्रीडा’ लिहा आणि क्लबचं पत्र जोडा. सराव आणि स्पर्धा खरोखर चालू असतील तर निवडणुकीत शस्त्र जमा करण्यातून सवलत मागता येते, आणि काडतुसांची मर्यादा वाढवून मागायलाही तेच पत्र लागतं.